युकॅलिप्टसच्या सालीवरचं चित्र घरात: नऊ महिन्यांनंतर

चित्र यिर्कालाचं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला असलेल्या आर्नहेम लँडमधलं. उंची ९० सेंमी, रुंदी ४०. मेलबर्नच्या घरात भिंतीवर लागून नऊ महिने झाले, त्यातला अख्खा हिवाळा हीटरचा. रंग जसेच्या तसे आहेत. साल मात्र हलली, आणि ती हलणारच.

कारण ती मुळात सपाट नसतेच. स्ट्रिंगीबार्क जातीच्या युकॅलिप्टसची साल पावसाळ्यात काढतात. तेव्हा झाडात रस चढलेला असतो, म्हणून ती खोडापासून सुटते. वर-खाली दोन आडवे काप, मध्ये एक उभा, मग कडेने हळूहळू उचकटायची. बाहेरचा धाग्यांचा थर तासतात, आगीवर शेकून साल मऊ करतात आणि दगड-ओंडक्यांखाली काही दिवस दाबून ठेवतात. चित्र आतल्या गुळगुळीत बाजूवर काढतात. दाबून सरळ केलेली साल हवा कोरडी झाली की पुन्हा खोडाच्या गोलाईकडे वळते. इथे घरातली आर्द्रता ५५ टक्क्यांवरून ३५ वर आली, तशा उभ्या कडा सुमारे एक सेंटिमीटर पुढे आल्या. वसंतात त्यातलं निम्मं आपोआप परत गेलं.

अशा वेळी हात शिवशिवतात, पण साल दाबून सरळ करायला जाऊ नका. ती धाग्यांच्या दिशेने, उभी तडकते, आणि भेग रंगातून आरपार जाते. काचेच्या घट्ट फ्रेममध्ये कोंबलं तरी तेच होतं. वारली चित्राची फ्रेम करणाऱ्याला सांगतो तसं इथे सांगून चालत नाही. जुन्या चित्रांना वर-खाली आडव्या काठ्या बांधलेल्या दिसतात, त्या वाक आवरण्यासाठी. आता मागे धातूचा हलका सांगाडा असतो. सालीला टेकणाऱ्या त्याच्या आकड्यांना मऊ अस्तर हवं आणि सालीला थोडी हालायला जागा हवी. आकडे आवळलेले असतील तर ढिले करून घ्या.

रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, कोळशाचा किंवा मँगनीजच्या दगडाचा काळा, आणि पांढरी चिकणमाती. यिर्कालाचे योल्ङु आदिवासी, म्हणजे ही चित्रं काढणारे लोक, तिला गापान म्हणतात. पूर्वी चिकटपणासाठी ऑर्किडच्या देठाचा रस वापरत, हल्ली बहुधा पाण्यात पातळ केलेला पांढरा फेव्हिकॉलछाप गोंद. गोंद कमी पडला तर रंग बोटाला भुकटीसारखा लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि पोपडा होऊन सुटतो. सगळ्यात आधी पांढरा सुटतो, कारण त्याचा थर जाड असतो. घेताना टॉर्च बाजूने तिरका धरून बघा. उचललेली कड सावलीमुळे लगेच कळते. केसांच्या लांब, बारीक कुंचल्याने (मार्वत) ओढलेल्या आडव्या-तिरप्या रेषांची जाळीही याच उजेडात खरी कळते. हाताची घाई झाली असेल तर तिथे लपत नाही.

ओलं फडकं अजिबात नको. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकायची, तीही पोपडे नाहीत याची खात्री करून. बाहेरच्या गार भिंतीवर, हीटरच्या वर किंवा उन्हाच्या तिरिपेत लावू नका. मातीचे रंग उन्हाला दाद देत नाहीत, साल देते.

चित्र जिथून विक्रीला येतं त्या तिथल्या कलाकेंद्राचं प्रमाणपत्र मागून घ्या: चित्रकाराचं नाव, कुळ, क्रमांक, आकृतीची माहिती. यिर्कालाच्या लोकांनी १९६३ साली खाणीविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या संसदेला अर्ज पाठवले ते सालीवर डकवून, भोवती आपापल्या कुळांच्या आकृत्या रंगवून. जमीन कोणाची हे त्या आकृत्याच सांगत होत्या. त्यामुळे चित्र विकत घेतलं म्हणून आकृती आपली होत नाही. कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, कपावर किंवा लग्नपत्रिकेवर छापायची असेल तर परवानगी लागते. पुढे गॅलरी किंवा लिलावातून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा जास्त किमतीला विकलं, तर पुनर्विक्री मानधनाच्या कायद्याखाली ५ टक्के चित्रकाराला जाऊ शकतात. प्रमाणपत्र तेव्हाही लागेल, म्हणून ते चित्रामागे चिकटवू नका, वेगळं ठेवा.