ऑपेराच्या पडद्यामागची प्रेमकथा: तालमी अस्सल, पोशाख चुकले

व्हेनिस, १८५३. या कादंबरीत गायिका आणि व्हायोलिनवादकाचं प्रेम ‘ला फेनिचे’ नाट्यगृहात फुलतं. कादंबरीतला पडद्यामागचा भाग खणखणीत: आधी पियानोवर तालीम, मग वाद्यवृंदासह, शेवटी रंगीत तालीम. रंगमंचाच्या पुढच्या कडेला खोक्यात बसलेला प्रॉम्प्टर प्रत्येक ओळीचे पहिले शब्द क्षणभर आधी पुरवतो. आपल्या संगीत नाटकात तो विंगेत असतो. कला अकादमीत नाटकं पाहणाऱ्याला हे वाचताना मजा येईल.

घोळ आहे वेशभूषेत. ‘ला त्राव्हियाता’ या व्हेर्दीच्या ऑपेराचा ६ मार्चचा पहिला प्रयोग इथे समकालीन पोशाखात होतो, प्रत्यक्षात कथानक १७००च्या सुमारास नेऊन बसवावं लागलं होतं. तो प्रयोग पडला, १८५४मध्ये व्हेनिसच्याच दुसऱ्या नाट्यगृहात मात्र गाजला. कादंबरीतली लांबलचक प्रेमपत्रं वाचताना खुशाल गाळा.