किमतीच्या आधी दोष लिहिणारं दुकान: लंडनच्या चर्च स्ट्रीटवरचे जुने दागिने, स्कार्फ आणि पर्सा

या दुकानात प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक जाडसर कागदाची चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर किमतीच्या आधी वस्तूचे दोष लिहिलेले असतात. ‘कडी नंतर बसवलेली, शिसं-कथिलाचा डाख’ (डाख म्हणजे सांधा जोडायला वितळवून लावलेला धातू). ‘आतलं अस्तर चिकट झालंय.’ ‘एका कोपऱ्यावर चहाचा डाग, जाणार नाही.’ मग त्याखाली पौंडांचा आकडा. लंडनमध्ये जुन्या ब्रँडेड वस्तूंची दुकानं पुष्कळ आहेत, पण इतकं सरळ लिहून देणारं दुसरं माझ्या पाहण्यात नाही. हा रिव्ह्यू मी मुख्यतः त्यासाठीच लिहितेय.

पाटीवर मालकीणबाईंचं स्वतःचं नाव आहे, ते असं उघड्यावर नको म्हणून देत नाही. खूण सांगते. मॅरिलबोनमधलं आल्फीज अँटिक मार्केट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत १९७६ साली सुरू झालेला, अनेक मजल्यांवर छोटे छोटे गाळे असलेला हा बाजार. त्याच चर्च स्ट्रीटवर, आल्फीजपासून थोडं पुढे, हिरव्या दाराचं हे दुकान. एजवेअर रोड नावाची दोन स्टेशनं आहेत. बेकरलू लाइनचं जवळ पडतं. तिथून निघालात की आधी भाजीची आणि कपड्यांची दुकानं लागतात, आणि लिसन ग्रोव्हच्या टोकाकडे गेलं की जुन्या वस्तूंची सुरू होतात.

आत एका वेळी चार माणसं उभी राहिली की पाचव्याने बाहेर थांबायचं. डाव्या हाताला दागिन्यांची काचेची कपाटं, समोर स्कार्फचे खण, उजवीकडे वर पर्सा. मी प्रत्येक वेळी डावीकडे वळते. माझं माहेर हुपरीचं, घरात चांदीचं काम. पैंजणाच्या कड्या जुळवून, टाकणखार लावून डाख कसा देतात ते मी शाळेत जायच्या वयापासून पाहिलंय. त्यामुळे कुठलाही डाग, म्हणजे दागिना, हातात आला की मी तो आधी उलटा करते. पुढची बाजू सगळेच नीट करतात.

तर तिथे मी घेतलेला लोलक, म्हणजे साखळीत घालायचं पदक. चार्ल्स हॉर्नर हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं, पण इंग्लंडातल्या जुन्या चांदीत त्याला मान आहे. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सची ही कंपनी. हॅटपिना, ब्रूच, लोलक असे छोटे डाग यंत्राने आणि मोठ्या संख्येने काढायची, आणि त्यावर मोरपिशी निळ्या-हिरव्या रंगाचा मीना चढवायची. मला आवडलेला लोलक अंगठ्याच्या नखाएवढा, दोन पानं एकमेकांत गुंतल्यासारखा. मागे भिंगातून पाहिलं तर ओळीने छाप होते: ‘सी. एच.’, चालता सिंह म्हणजे ९२५ ची चांदी, आणि गव्हाच्या तीन पेंढ्या. पेंढ्या म्हणजे चेस्टर शहराचं पारख कार्यालय, चांदी तपासून छाप मारणारं. ते १९६२ मध्ये बंद झालं, म्हणजे ही खूण दिसली की वस्तू निदान त्याच्या आधीची. शेजारी वर्षाचं अक्षर असतं. मालकीणबाईंनी गल्ल्याखालून छापांची छोटी पुस्तिका काढली आणि ती माझ्याच हातात दिली, तुम्ही जुळवा म्हणाल्या. अक्षर १९०० नंतरच्या पहिल्या दशकातलं निघालं.

वरची कडी मात्र नंतरची होती. सांध्यापाशी चांदीचा पांढरा रंग संपून करडा, मेणचट डाख दिसत होता, आणि चिठ्ठीवर ते लिहिलेलंच होतं. असं कुणी का केलं असेल ते मला लगेच कळलं. मीना असलेल्या डागाला चांदीच्या डाखाची आच दाखवली तर मीना तडकतो. म्हणून कुणीतरी कमी आचेवर वितळणारं शिसं-कथील वापरलं. मीना वाचला, पण शिसं एकदा चांदीला लागलं की पुढे तिथे मोठी आच देता येत नाही; तापल्यावर ते चांदी खातं आणि खड्डे पाडतं. म्हणजे ही दुरुस्ती आता तशीच राहणार. मी हे बोलून दाखवलं तेव्हा बाई म्हणाल्या की म्हणूनच किंमत ९५ पौंड ठेवलीय, मूळ कडी असती तर जवळजवळ दुप्पट लावली असती. मी घेतला. रोज घालते. पातळ साखळीत घातला की सांध्यावर भार येत नाही.

त्याच कपाटात अंगुस्तानं होती, शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायच्या टोप्या. हॉर्नरचंच ‘डॉर्कस’. यामागची गोष्ट शिवणकाम करणाऱ्या कुणालाही आवडेल. चांदी मऊ, सुई आरपार जाते. म्हणून हॉर्नरने चांदीच्या दोन थरांच्या मध्ये पोलाद घातलं आणि १८८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आत पोलाद असल्यामुळे त्यावर चांदीचा छाप बसत नाही, आणि छाप नाही म्हणून लोक ते खोटं समजून बाजूला ठेवतात. १४ पौंडांना मिळालं, आणि फॉल लावताना मी तेच वापरते.

सासूबाईंसाठी कानातलं हवं होतं. आयुष्यभर वजनदार कुड्या घालून त्यांच्या पाळ्या ओघळल्यात, भोकं पार खाली आलीत, त्यामुळे आता सोन्याचं काहीच घालत नाहीत. आपल्याकडे क्लिपची कानातली म्हटली की नाटकातलं सामान. इथे मात्र १९५० च्या आसपासच्या बायकांच्या कानांना सर्रास भोकं नसायची, त्यामुळे त्या काळातलं चांगलं काम क्लिपमध्येच सापडतं. बाईंनी ट्रायफारीच्या तीन जोड्या समोर ठेवल्या. न्यूयॉर्कची ही कंपनी, सोनं-हिरे न वापरता दागिने करायची, पण तिचा मुख्य डिझायनर आल्फ्रेड फिलिप खऱ्या रत्नांच्या कामातून आलेला होता, आणि खडे बसवण्यात ते दिसतं. १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी शपथविधीच्या समारंभाला ट्रायफारीचे कृत्रिम मोती घालून गेल्या होत्या. मागे नावाशेजारी वर्तुळातलं ‘सी’ असेल तर जोडी साधारण १९५५ नंतरची. त्या साली नक्कल करणाऱ्यांविरुद्धच्या खटल्यात कंपनीच्या बाजूने निकाल लागला आणि मग सगळेच हे चिन्ह ठोकायला लागले. मी घेतलेली मोत्यांची साधी जोडी ३८ पौंडांची. क्लिपचा चिमटा फार आवळ होता तर बाईंनी चपट्या पकडीने, मध्ये चामड्याचा तुकडा धरून, तिथल्या तिथे सैल करून दिला आणि आधी स्वतःच्या कानाला पाच मिनिटं लावून पाहिला. सासूबाईंनी ती घालून अख्खं लग्न काढलं.

बांगड्यांकडे जरूर बघा. बेकलाइटच्या. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेलं हे प्लास्टिक; १९३० च्या दशकात त्याच्या कोरीव बांगड्या निघाल्या. ओळखायची रीत बाई करून दाखवतात: बांगडीचा एक भाग गरम पाण्यात क्षणभर धरायचा आणि लगेच नाकाशी न्यायची. शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक ठेवलेल्या बरणीचा वास आला, म्हणजे फॉर्मलीनचा, की बेकलाइट. कापराचा आला तर सेल्युलॉइड. पण ते पेट घेणारं, त्याला आचेजवळ नेऊ नये. आज लोण्यासारखी पिवळी दिसणारी बांगडी मुळात पांढरी असू शकते, रंग वर्षानुवर्षं हवेने बदलतो. मापाचं म्हणाल तर बहुतेक जुन्या बांगड्या आतून अडीच इंचाच्या, म्हणजे आपली दोन-आठ. दोन-चार घालणाऱ्यांच्या हातातून त्या निसटतील, आणि बेकलाइट फरशीवर पडलं की तडकतं. माझ्या मुलीला म्हणूनच घेतली नाही.

स्कार्फ हा या दुकानाचा दुसरा मोठा भाग. एर्मेस या फ्रेंच कंपनीचा चौकोनी रेशमी स्कार्फ १९३७ पासून निघतो, ९० गुणिले ९० सेंटीमीटर. नक्कल ओळखायला बाईंनी मला काठ दाखवला. हाताने गोल वळून शिवलेला काठ सुलट बाजूकडे वळवलेला असतो, आणि बोटाखाली भरीव, गुबगुबीत लागतो. टाके मोजून मारल्यासारखे एकसारखे नसतात. मशीनचा काठ चपटा आणि निर्जीव. विणीची तिरपी रेघ उन्हात धरली की दिसते, आणि रंग उलट बाजूला जवळजवळ तितकाच गडद उतरलेला असतो. माझ्यासमोर एक फार सुंदर, लगाम आणि बकलांच्या नक्षीचा स्कार्फ होता, खोगीर-लगाम करण्यापासून सुरुवात केलेल्या एर्मेसला शोभेल असा. पण कुणीतरी इस्त्रीने त्याचा काठ पार दाबून टाकला होता. चिठ्ठीवर तेही होतं: ‘काठ चपटा, कडक इस्त्री झालेली.’ १४० पौंड सांगितले. मला चपट्या काठाचा नको होता म्हणून सोडला; ज्यांना गळ्यातच घालायचाय, त्यांना काही फरक पडणार नाही.

त्याहून मला जवळचा वाटला तो जॅकमारचा. लंडनचीच कंपनी, दुसऱ्या महायुद्धात घोषणा आणि सैनिकी चिन्हं छापलेले स्कार्फ काढायची. कापड रेशनवर असताना बायका गळ्यात किंवा डोक्याला तेवढा एक रंगीत तुकडा बांधत. दुकानात एक आहे, भिंतीवर काचेत, विकायला नाही. खणातले जॅकमार युद्धानंतरचे, फुलांचे, ४० पौंडांच्या आसपास. या घडीला दुकानातली सर्वात रास्त खरेदी हीच.

आता पर्सा. इथे मी हात आखडता घ्यायला सांगेन. माहितीत बाई कमी नाहीत. शनेलची २.५५ ही पर्स फेब्रुवारी १९५५ ची म्हणून तिचं नाव तसं, पण एकमेकांत अडकलेल्या दोन ‘सी’चं लॉक डिझायनर कार्ल लागरफेल्ड आल्यानंतर, १९८० च्या दशकात बसलं, तसं लॉक असलेली पर्स पन्नासच्या दशकातली म्हणून कुणी विकत असेल तर उठून यावं, हे त्यांनीच मला सांगितलं. लुई व्हितोंच्या आतल्या कोडबद्दलही त्या सांगतात की तो कारखाना आणि काळ सांगतो, खरेपणा नाही. नक्कल करणारे तोही ठोकतात. बाई स्वतः शिलाई, कातड्याच्या कडा आणि नक्षी कुठे कापली गेलीय ते बघतात. हे सगळं खरं. पण किमती मोठ्या लिलावगृहांच्या तोडीच्या आहेत, आणि लहान दुकानाकडून मला थोडी सवलत अपेक्षित होती. घासाघीस जवळजवळ नाहीच. शिवाय १९८०-९० च्या बऱ्याच पर्सांचं आतलं लेपाचं अस्तर आता वितळल्यासारखं होऊन हाताला लागतं. चिठ्ठीवर ते लिहिलेलं असतं, पण अस्तर बदलून देत नाहीत, कारण बदललं की मूळ वस्तू राहत नाही असं त्यांचं ठाम मत. मला ते पटत नाही. पर्समध्ये रुमाल ठेवता येत नसेल तर तिचा उपयोग काय? घ्यायचीच असेल तर लॉनरची बघा. राणी एलिझाबेथ वापरायच्या त्या इंग्लिश कंपनीची. आत चामडं, चिकटण्याचा प्रश्न नाही, आणि मोठ्या फ्रेंच नावांच्या मानाने किंमत पुष्कळ खाली.

मगरीच्या कातड्याच्या दोन पर्साही वर ठेवलेल्या आहेत. भारतात न्यायच्या विचाराने घेऊ नका. वन्यजीव व्यापाराच्या करारामुळे अशा वस्तूंवर निर्बंध आहेत, परवान्यांशिवाय त्या विमानतळावर अडकू शकतात. बाई हे आपणहून सांगतात. हस्तिदंत त्या ठेवतच नाहीत, २०२२ पासून ब्रिटनमध्ये त्याच्या विक्रीवर जवळजवळ पूर्ण बंदी आहे.

परतीचं सांगून ठेवते. ब्रिटनमध्ये दुकानात जाऊन घेतलेली वस्तू निव्वळ मन बदललं म्हणून परत घ्यायला दुकानदार बांधील नसतो. वस्तू सांगितल्याप्रमाणे नसेल तर मात्र ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागायचा हक्क कायद्याने आहे. इथे चिठ्ठी बिलाला टाचून देतात, त्यामुळे काय सांगितलं होतं यावर वाद होत नाही. माझी एक मैत्रीण ब्रूच घेऊन गेली, तिला घरी गेल्यावर एक खडा बदललेला दिसला आणि तो चिठ्ठीवर नव्हता. बाईंनी भिंग लावून पाहिलं, माफी मागितली आणि सगळे पैसे दिले.

रविवार-सोमवार बंद. शनिवारी बाहेरच्या बाजाराची गर्दी आत शिरते आणि कपाट उघडून दाखवायला बाईंना सवड होत नाही. बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी जा. दाराशी दोन उंच पायऱ्या आहेत, कठडा नाही, आत बसायला खुर्ची नाही, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होईल. वर्णन आणि फोटो आधी ईमेलवर मागवता येतात, उत्तर दोन-तीन दिवसांनी येतं, पण दोषांचे फोटो न मागता पाठवतात.