आई-बाबांना कुठे न्यायचं: ‘न्यू जर्सी’ की ‘इंट्रेपिड’?

न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनला राहणाऱ्या भाच्याचा फोन आला. पुण्याहून आई-बाबा आलेत, एकच रविवार हाताशी आहे. मामा, कॅम्डेनची ‘न्यू जर्सी’ युद्धनौका दाखवू की न्यूयॉर्कची ‘इंट्रेपिड’?

आता संग्रहालय झालेली ही दोन्ही जहाजं 1943 मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झाली, पण जात वेगळी. ‘न्यू जर्सी’ अस्सल बॅटलशिप, म्हणजे मोठ्या तोफांची युद्धनौका. 16 इंची नऊ तोफा, सर्वांत जड गोळा बाराशे किलोच्या आसपास. खाली तोफांच्या मनोऱ्यात उतरून तो गोळा वर कसा चढवत ते पाहिलं की आकडे खरे वाटू लागतात. दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम, सगळीकडे ती लढली. ‘इंट्रेपिड’ विमानवाहू. तिथे डेकवर विमानं आणि ‘एंटरप्राइज’ हे स्पेस शटल (हे अवकाशात कधी गेलंच नाही, बरं का!), शेजारी कॉन्कॉर्ड हे आवाजाहून वेगवान प्रवासी विमान आणि ‘ग्राउलर’ पाणबुडी. जहाज पाहायला जावं आणि निम्मा वेळ जहाजाबाहेरच्याच गोष्टींत जावा, असं होतं.

खर्चात कॅम्डेन स्वस्त. ‘इंट्रेपिड’साठी मॅनहॅटनला गाडी नेलीस तर पार्किंगच खिसा कापतं, ट्रेनने जा.

खरा प्रश्न गुडघ्यांचा. ‘न्यू जर्सी’त उभ्या लोखंडी शिड्या, उंच उंबरे. ‘इंट्रेपिड’मध्ये लिफ्ट आहे; पाणबुडी तेवढी टाळायची.

ताईचे गुडघे दुखतात, तेव्हा तिला ‘इंट्रेपिड’. भावजींना तोफांचं वेड आहे, त्यांना पुढच्या खेपेला कॅम्डेनला ने.