इरिडियम प्लग की चांगलं सील? जुन्या बाईकवर पैसे कुठे घालायचे

बाईक दहा-बारा वर्षांची झाली, ॲव्हरेज पडलं, मॅग्नेटच्या (इंजिनच्या एका बाजूला वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूने तेल पाझरायला लागलं, की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो इरिडियम प्लगचा, म्हणजे ज्याच्या टोकाला इरिडियम धातू असतो त्या स्पार्क प्लगचा. खिशात पैसे मोजके असतील तर ते प्लगवर घालायचे, पॅकिंगवर (दोन भागांच्या जोडात बसणारं गॅस्केट) की ऑइल सीलवर (हलणाऱ्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी)? मी एवढंच बघतो, की तो भाग पुन्हा बदलायचा झाला तर किती खोलाखोल करावी लागेल.

प्लग पाच मिनिटांत निघतो. साध्या निकेल प्लगचा मधला इलेक्ट्रोड साधारण अडीच मिलिमीटर जाड असतो, इरिडियमचा 0.4 ते 0.6. टोक बारीक असल्याने ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. शिवाय निकेल 1,455 अंश सेल्सिअसला वितळतं आणि इरिडियम 2,446 अंशांना, म्हणून टोक झिजतही कमी. फायदा खरा आहे. पण 100-125 सीसीच्या गाडीत धड असलेला साधा प्लग काढून इरिडियम लावला तर चालवताना फारसं काही जाणवत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराला साधा प्लग बदला, मध्ये एकदा फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) इलेक्ट्रोडमधली गॅप बघा, झालं. कंपनीनेच इरिडियम दिलेला असेल तर मात्र तोच टाका. ज्या कारमध्ये अर्धं इनटेक (हवा आत नेणारा भाग) काढल्याशिवाय प्लगला हात पोचत नाही, तिथेही जास्त टिकणाराच घ्या, कारण तिथे मजुरी प्लगपेक्षा महाग पडते.

मेक बदलताना प्लगवरच्या हीट रेंजच्या आकड्याकडे नीट बघा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड (म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा) होत जातो, बॉशमध्ये उलट. आणि काढलेला प्लग तेलाने ओला असेल तर नव्या प्लगवर खर्चच करू नका. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा वॉल्व्ह सील गेलंय. रेस दिल्यावर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगांकडे बघा. तिथे इरिडियमही ओलाच होणार.

सीलचं गणित वेगळं. वस्तू दिसायला बांगडीएवढी, पण क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) सील बदलायला कव्हर, मॅग्नेट, तो ओढून काढायचा पुलर असं सगळं आलं. साधं काळं नायट्राइल रबर 100 अंशांच्या आसपास चांगलं चालतं, त्यापुढे सतत तापलं की कडक होतं. व्हायटॉन जातीचं रबर 200 अंशांपर्यंत तग धरतं. माझ्या गाडीचं जुनं सील काढलं तेव्हा ओठाची, म्हणजे दांड्याला टेकणाऱ्या आतल्या रबराची, कड नखाने दाबून बघितली. वाळलेल्या चिंचोक्यासारखी टणक, आतली बारीक स्प्रिंग तेवढी शाबूत. वॉल्व्ह आणि क्रँकसाठी म्हणूनच मी व्हायटॉन मागतो, मिळालं नाही तर कंपनीचं. फोर्कला किंवा गिअर शाफ्टला चांगल्या मेकचं नायट्राइल पुरतं. जुनं सील नमुन्याला सोबत न्या. त्यावर शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे असतात. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानात ते सांगितले तरी काम होतं.

पण भारी सीलही चुकीचं बसलं तर गळतंच. स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी, ओठाला आधी तेल लावलेलं हवं. शाफ्टवरून नख फिरवा. जुन्या सीलने पाडलेली खाच नखाला लागली तर नवं सील जागा असेल तेवढं किंचित पुढेमागे बसवायला सांगा, नाहीतर आठवड्यात पुन्हा थेंब दिसेल.

पॅकिंगमध्ये निवड सोपी. क्लच कव्हरला कागदी पॅकिंग नवंच टाका. कव्हर उघडलं की जुनं परत वापरायचं नाही. ते वाचवायला ट्यूबमधलं सिलिकॉन जाड थापलं तर दाबून आत आलेले तुकडे सुटून तेलाच्या जाळीत अडकतात आणि तेलाचा प्रवाह कमी होतो. कंपनीने जिथे लिक्विड पॅकिंगच सांगितलंय, तिथे पातळ रेघ पुरे. हेडला अनेक पत्र्यांचं स्टीलचं पॅकिंग उत्तम, पण त्याला पृष्ठभाग अगदी गुळगुळीत लागतो. ब्लेडने खरवडून चरे पडलेल्या हेडवर ते धरत नाही, आधी हेड फेस करून (मशीनवर घासून सपाट करून) घ्यावं लागतं.

पंधराशे रुपयांत बसवायचं म्हणाल तर मी असं करेन: चांगलं सील, कंपनीचं पॅकिंग, शंभर-दीडशेचा साधा प्लग, आणि उरलेलं सगळं हाताने सावकाश काम करणाऱ्या मिस्त्रीला.