‘वाताओनी’ घ्यावी की ‘किता नो कुनि कारा’?

जपानी शिकणाऱ्यांपैकी ज्यांना आता पुस्तकाबाहेरची भाषा कानावर पडायला हवी असते आणि ज्यांना माणसांच्या गोष्टीत रस असतो, त्यांच्या यादीत शेवटी या दोनच जपानी टीव्ही मालिकांची नावं उरतात. एक ‘वातारु सेकेन वा ओनि बाकारि’, जिला जपानात सगळे लाडाने ‘वाताओनी’ म्हणतात. दुसरी ‘किता नो कुनि कारा’. दोन्ही घराघरांत पाहिल्या गेल्या, दोन्हींत मुलं पडद्यावरच वाढली. पण एकीत शिरलात की दुसरीला हात लागायला बराच काळ जातो, म्हणून आधी कोणती हा प्रश्न महत्त्वाचा. मी दोन्ही पाहिल्या आहेत. माझा कल पुढे कळेलच, पण माझी आवड तुमची असलीच पाहिजे असं नाही.

आधी ‘किता नो कुनि कारा’बद्दल, कारण पहिल्याच भेटीत ती जिंकून घेते. बायकोचं दुसऱ्याशी प्रकरण कळल्यावर कुरोइता गोरो हा माणूस टोकियो सोडतो आणि जुन आणि होतारू या दोन मुलांना घेऊन उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर फुरानोजवळच्या रोकुगो या आपल्या जन्मगावी येतो. घर पडीक, वीज नाही, नळ नाही. लेखक कुरामोतो सो स्वतः १९७७ पासून फुरानोत राहत होते, त्यामुळे तिथला बर्फ, लाकूडतोड, शेतीचं कर्ज हे सगळं आतून आलेलं आहे. १९८१-८२ मध्ये २४ भाग झाले आणि मग २००२ पर्यंत आठ विशेष भाग आले, काही दोन रात्रींत विभागलेले. तीच मुलं, तोच बाप, एकवीस वर्षं. होतारूचं काम करणारी नाकाजिमा तोमोको सुरुवातीला जेमतेम दहा वर्षांची आहे आणि शेवटी होतारू स्वतः एका मुलाची आई आहे.

१९८७ च्या विशेष भागातला ट्रकचा प्रसंग पाहून माझ्या घशात आवंढा आला होता आणि आजही येतो. जुन शिकायला टोकियोला निघालाय, बापाने एका ट्रकवाल्याला गळ घालून त्याला सोबत दिलंय. वाटेत ट्रकवाला म्हणतो, तुझ्या बापाने पाकिटात पैसे दिलेत, ते मी घेऊ शकत नाही, तू ठेव. जुन उघडून पाहतो तर दहा-दहा हजार येनच्या दोन नोटा आणि त्यांना चिखल लागलेला. शेतात काम करणाऱ्या बापाच्या बोटांचा. गोरोच्या भूमिकेतले तानाका कुनिए त्या क्षणी पडद्यावर नाहीतही, आणि तरी सगळा बाप त्या नोटेवर आहे. अशा जागा या मालिकेत पुष्कळ आहेत. १९९२ च्या भागात जुनमुळे एका मुलीला दिवस जातात, तेव्हा गोरो तिच्या काकांची माफी मागायला फुरानोहून भोपळे घेऊन टोकियो गाठतो, तेही तसंच. देण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच आहे आणि समोरचा माणूस ते मान्य करत नाही. सादा मासाशीचं शब्दांविना गुणगुणलेलं शीर्षकसंगीत तर जपानात कुणाही समोर नुसतं छेडून पाहा.

‘वाताओनी’ची पहिली भेट अशी नसते. १९९० मध्ये टीबीएस वाहिनीवर गुरुवारी रात्री नऊला ती सुरू झाली आणि मधे मधे थांबत २०११ पर्यंत दहा पर्वं चालली. भाग पाचशेच्या घरात. ओकाकुरा दाइकिचि आणि सेत्सुको या जोडप्याच्या पाच मुली, त्यांची सासरं, नातवंडं, एवढंच. चित्रीकरण जवळजवळ सगळं खोल्यांत. ‘कोराकु’ हे चिनी खाण्याचं छोटं हॉटेल, जिथे दुसरी मुलगी सात्सुकी सून म्हणून राबते, आणि पुढे बापाने निवृत्तीनंतर काढलेलं ‘ओकाकुरा’ हे जेवणघर. निसर्ग म्हणाल तर खिडकीतसुद्धा नाही. लेखिका हाशिदा सुगाको, म्हणजे ‘ओशिन’ ही मालिका लिहिणाऱ्याच, आणि निर्मात्या इशिइ फुकुको. दोघींचं या मालिकेवर एकहाती राज्य होतं. हाशिदांचे संवाद कलाकारांनी शब्दन् शब्द तसेच म्हणायचे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि संवाद केवढे! एकेक पात्र पान-दीड पान सलग बोलतं. घरकाम करता करता नुसतं ऐकूनही बाईला गोष्ट कळावी, हा त्यामागचा विचार होता असं सांगतात. ते खरं असावं, कारण मी स्वयंपाक करताना टीव्हीकडे पाठ करून ती ऐकतो आणि काही निसटत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे पाल्हाळ, आणि ते मी लपवणार नाही. कोराकुत दुपारी भांडण झालं की सात्सुकी ते रात्री ओकाकुरात येऊन बापाला सांगते. बाप ते दुसऱ्या मुलीला सांगतो. इकडे सासू किमी तेच आपल्या लेकींना सांगते. चौथ्यांदा ऐकताना हात रिमोटकडे जातो. ज्यांना कथानक वेगाने पुढे सरकायला हवं, त्यांनी हा विचार आधीच करावा.

भाषेच्या दृष्टीने पाहिलं तर मात्र हे पाल्हाळ पथ्यावर पडतं. वाक्यं पूर्ण, उच्चार स्वच्छ, इंग्रजीवरून आलेले शब्द जवळपास नाहीत, सासू-सून, जावई-सासरे, मालक-गिऱ्हाईक यांच्यातल्या आदरार्थी बोलण्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच खोलीत ऐकायला मिळतात. तरुण जपानी लोक आज असं बोलत नाहीत हे खरं, तेवढं भान ठेवावं. ‘किता नो कुनि कारा’त गोरो अर्धं वाक्य ओठातच ठेवतो, त्यात होक्काइदोची बोली. माझ्या कानाला ती पडद्याखाली लिखित संवाद असल्याशिवाय झेपली नाही. तुमचा कान कदाचित माझ्यापेक्षा तयार असेल.

पण माझा निर्णय भाषेवर झाला नाही. तो झाला होतारूवर.

‘किता नो कुनि कारा’तलं जवळजवळ सगळं आपल्याला जुनच्या निवेदनातून कळतं. लहानपणी ते निवेदन फार गोड आहे. शहरातून आलेला, थंडीला वैतागलेला, बापावर चिडलेला मुलगा स्वतःशीच पत्र लिहिल्यासारखा बोलतो. पण वर्षं जातात, विशेष भागांमध्ये दोन-तीन वर्षांची अंतरं पडतात, आणि होतारू मोठी होते. ती नर्स होते. आणि १९९२ च्या भागात जिला आपण सोडून आलो, ती १९९५ मध्ये एका विवाहित डॉक्टरबरोबर सगळं सोडून निघून गेलेली भेटते, थेट नेमुरोजवळ ओचिइशीत. गोरो तिला भेटायला तिथवर जातो आणि निघताना मागून ओरडून सांगतो की केव्हाही फुरानोला परत ये. प्रसंग हलवून टाकतो, नाही कसं म्हणू. पण ही मुलगी त्या माणसाच्या प्रेमात कशी पडली, कोणत्या दिवशी तिने ठरवलं, रात्री एकटी असताना तिने काय विचार केला, हे सगळं दोन भागांमधल्या पोकळीत होऊन गेलेलं असतं. आपल्याला काय कळतं, तर तिच्या भावाला कसं वाटलं आणि बापाला किती लागलं. १९९८ मध्ये ती गरोदर असते, बालमित्र शोकिचि तिच्याशी लग्न करायला पुढे येतो, तिच्यासाठी रानफुलं खुडून खुडून पाठवतो. त्याचं मन आपल्याला पुरतं दिसतं. तिचं नाही.

मला हे फार खुपतं. पहिल्या भागापासून त्या घरातली सगळ्यात खंबीर व्यक्ती तीच आहे. जुन रडतो, पळायला बघतो, आणि धाकटी होतारू मुकाट्याने बापाच्या बाजूने उभी राहते. तिच्या मुकेपणातच मालिकेचं सौंदर्य आहे असं म्हणणारे माझे मित्र आहेत आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. तरीही दर विशेष भागाला मी वाट पाहत राहिलो की आता तरी ही बोलेल, आणि दर वेळी निवेदन जुनकडेच गेलं.

‘वाताओनी’त कुणाचंच असं होत नाही. थोरली यायोई, मुळातली नर्स, पुन्हा नर्सिंगकडे वळते तेव्हा का वळते ते आपण तिच्याच तोंडून ऐकतो. आणि ज्या पुनरावृत्तीचा मी वर उल्लेख केला, तिच्याकडे मी पुढे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. भांडण एकच, पण सात्सुकीच्या सांगण्यातलं आणि किमीच्या सांगण्यातलं सारखं नसतं. कोराकुत फोन खणखणतो, सात्सुकी ओल्या हाताने उचलते, माहेरचा असतो. सासू दोन हातांच्या अंतरावर उभी. सून दोन वाक्यांत फोन आटोपते, आणि किमीचे टोमणे सुरू होतात. संध्याकाळी तोच फोन सात्सुकीच्या तोंडून छळाची गोष्ट होतो. मग किमी लेकींजवळ बसते आणि तिच्या बाजूने ऐकलं की जाणवतं, ऐन गर्दीच्या वेळी गल्ल्यावर माणूस नसण्याची तिची काळजीही खोटी नाही. आकागी हारुए यांनी ही सासू अशी उभी केलीय की तिचा राग येतो आणि तिचं म्हणणंही पटतं. सात्सुकी झालेल्या इझुमि पिन्को यांनी ‘ओशिन’मध्ये ओशिनच्या आईचं काम केलं होतं; इथे त्यांचा आवाज सोसणाऱ्या सुनेपासून हळूहळू घर हाकणाऱ्या बाईचा होतो, आणि मालिकेच्या लांबीमुळेच तो बदल पटतो.

लांबीची किंमतही मालिकेने मोजली आहे. आई सेत्सुकोचं काम करणाऱ्या यामाओका हिसानो १९९८ च्या चौथ्या पर्वापासून नव्हत्या. परदेश प्रवासात सेत्सुको वारल्याचं दाखवलं गेलं. बाप झालेले फुजिओका ताकुया २००६ मध्ये आजारी पडले, ती भूमिका उत्सुइ केन यांच्याकडे आली आणि त्याच वर्षी फुजिओका गेले. दुसऱ्या बापाची सवय व्हायला मला वेळ लागला, आणि उत्तरार्धातली पर्वं पहिल्या तीनांइतकी घट्ट नाहीत असं माझं मत आहे.

म्हणून वेळ थोडा असेल, किंवा फुरानोला जाण्याचा बेत असेल, तर ‘किता नो कुनि कारा’ जरूर घ्या. रोकुगोत गोरोचं दगडी घर आजही उभं आहे आणि मालिका पाहून गेलात तर ते नुसतं घर राहत नाही. फक्त विशेष भागांपासून सुरू करू नका. आधी मूळ २४ भाग, नाहीतर त्या चिखलाच्या नोटेला वजन येत नाही.

नाहीतर माझ्या मते ‘वाताओनी’चं पहिलं पर्व लावा. रोज एक भाग, हातात काहीतरी काम घेऊन. पहिले चार-पाच भाग पाच बहिणी आणि त्यांच्या घरची माणसं ओळखण्यात जातील, तेव्हा कागदावर नाती लिहून ठेवली तर बरं. कोराकुतल्या दोन नणंदा, कुनिको आणि हिसाको, सुरुवातीला एकसारख्या वाटतात, त्यांची नावं आधी पाठ करा. पहिलं पर्व संपेपर्यंत किमीची बाजू घेऊन एकदाही बोलावंसं वाटलं नाही, तर खुशाल सोडा आणि फुरानोकडे वळा.