व्हिएन्ना स्टाईलचा लाकडी चेस सेट, चार महिने वापरून

हा सेट मी खेळण्यापेक्षा जुन्या मॅचेस पटावर लावून बघायला घेतला. अमृतसरचं काम आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या कॅफेंमध्ये असायचे त्या धाटणीचे उंच, सडपातळ मोहरे, काळ्या उंटाच्या डोक्यावर पांढरा मणी आणि पांढऱ्याच्या डोक्यावर काळा. साडेसात हजार पडले.

पहिल्याच रविवारी लास्कर-श्लेख्टर मॅच लावली, १९१० ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, लास्कर तेव्हाचा चॅम्पियन. बाबा चाली वाचत होते, मी मोहरे हलवत होते. श्लेख्टर व्हिएन्नाचाच, स्वभावाने इतका शांत की ड्रॉ घेणारा म्हणूनच ओळखला जायचा. फक्त १० डाव, निम्मे व्हिएन्नात आणि निम्मे बर्लिनला. पाचवा डाव श्लेख्टरने जिंकला, नवव्यापर्यंतचे बाकी सगळे ड्रॉ, म्हणजे शेवटच्या डावाला हा माणूस एक पॉइंटने पुढे, आणि त्या डावात ३५ व्या चालीला तो उंटाच्या बदल्यात हत्ती देऊन टाकतो! तो काळा हत्ती मी स्वतःच्या हाताने पटावरून उचलून बाजूला ठेवला तेव्हा बाबा वाचायचेच थांबले, म्हणाले, अगं पण ह्याला ड्रॉ पुरला असता ना? शेवटी हरला, स्कोअर ५-५, आणि टायटल लास्करकडेच राहिलं. दोन पॉइंटने जिंकायची अट होती का, आणि म्हणून तो रिस्क घेत होता का, यावर अजून वाद चालतो. मला वाटतं त्याला जिंकूनच चॅम्पियन व्हायचं होतं. पुढे १९१८ च्या डिसेंबरमध्ये, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना, तो बुडापेस्टला वारला, वय अवघं ४४. मोबाईलवर हाच डाव मी दोनदा बघितला होता, पण तिथे चाली सरसर पुढे जातात, तो हत्ती गेलेला तेव्हा जाणवलाही नव्हता.

आता सेटबद्दल. बुडात वजन भरलंय, मोहरा ठेवला की ठप्प बसतो, धक्का लागला तरी पडत नाही. घोड्यांचं कोरीवकाम सुंदर, आयाळीची एकेक रेघ नखाला लागते. एका प्याद्याच्या बुडाची मखमल पहिल्याच आठवड्यात निघाली, विकणाऱ्याला दोन मेसेज केले, उत्तर आलं नाही, मग फेविकॉलने चिकटवली. आणि पट सोबत येत नाही हं, वेगळा घ्यावा लागतो. मोहरे बारीक आहेत म्हणून दोन इंची घरांचा घ्या, मी आधी सव्वादोन इंचांचा आणला होता, त्यावर अगदीच विखुरल्यासारखे दिसत होते, तो बदलून आणला.