मेकी मेकी: गावातल्या शाळेने हा बोर्ड घ्यावा का?

घ्यावा. शाळेकडे चार-पाच हजार रुपये असतील आणि एक चालता लॅपटॉप असेल, तर दुसरं काही घेण्याआधी हा बोर्ड घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या तिन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे आहेत. आमच्या सहावी ते आठवीच्या मुलांनी या बोर्डावर स्वतःचे खेळ तयार केले. ते खेळ पाहिल्यावर हे लिहायलाच हवं असं वाटलं.

मेकी मेकी म्हणजे तळहातात मावणारा एक सर्किट बोर्ड. यूएसबी केबलने तो लॅपटॉपला जोडला की लॅपटॉप त्याला कीबोर्ड समजतो. वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. पुढच्या बाजूला चार बाण, स्पेस आणि माऊसचं क्लिक अशा सहा जागा असतात, आणि खाली 'अर्थ' (इंग्रजी EARTH) लिहिलेली पट्टी. बाणाच्या भोकाला वायरची क्रोकोडाइल क्लिप, म्हणजे दातेरी चिमटा लावायचा, वायरचं दुसरं टोक संत्र्यात खुपसायचं, अर्थची वायर एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताने संत्र्याला बोट लावायचं. बाणाची कळ दाबली गेली. संत्र्याच्या जागी ओली माती, स्टीलची वाटी, केळ, पेन्सिलने गडद गिरवलेली रेघ, दुसऱ्या मुलाचा कान, काहीही चालतं. ज्यातून थोडीशी का होईना वीज वाहते ते सगळं बटण होतं. आमच्याकडे संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ झाली की झाडाखाली हिरवी संत्री पडलेलीच असतात. मुलं दप्तरातून तीच घेऊन आली.

पहिला प्रश्न शाळेत आलेल्या एका आजींचा होता: "करंट त नाई लागत ना जी मॅडम?" प्रश्न अगदी योग्य आहे. ज्या गावात शेतातल्या मोटरच्या स्टार्टरचे झटके माणसांनी खाल्लेत, तिथे तो विचारलाच जाणार. उत्तर आठवीच्या मुलांनी फळ्यावर गणित करून दिलं. बोर्डाला लॅपटॉपकडून मिळतात ५ व्होल्ट. प्रत्येक बटणामागे २२ मेगाओहमचा रोध (रेझिस्टन्स) आहे. भागाकार केला तर अंगातून जाणारी धारा पाव मायक्रोअँपिअरच्याही आत येते, ती जाणवतसुद्धा नाही. इतका मोठा रोध लावला आहे म्हणूनच बोटाच्या कातडीतून जाणारी नखभर धाराही बोर्डाला ओळखता येते. तरी एक नियम आम्ही केला आहे आणि तो तुम्हीही करा: ओल्या मातीचं काम असेल तेव्हा लॅपटॉप चार्जरवरून काढायचा आणि बॅटरीवर चालवायचा. गावातल्या शाळांच्या वायरिंगला अर्थिंग धड असतेच असं नाही.

हा बोर्ड मुळात दोन विद्यार्थ्यांच्या प्रयोगातून आला, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये शिकणारे जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांनी तो केला. २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणी गोळा करण्याच्या वेबसाइटवर त्यांनी लोकांकडे २५ हजार डॉलर मागितले होते, लोकांनी पाच लाखांहून जास्त दिले. ते ज्या गटात काम करत होते तो मिचेल रेझनिक यांचा गट. ज्या स्क्रॅचवर आमची मुलं पडद्यावर आज्ञांचे ठोकळे (ब्लॉक) जोडून खेळ बनवतात ते स्क्रॅचही याच गटाचं, २००७ सालचं. त्यामुळे बोर्ड आणि स्क्रॅच यांचं छान जुळतं. स्क्रॅच ३ मध्ये मेकी मेकीचे वेगळे ब्लॉकही आहेत. त्यातला एक ब्लॉक 'डावा, वर, उजवा' अशा ठरावीक क्रमाने कळा दाबल्या तरच चालतो. मुलांना त्याचा फार उपयोग झाला. स्क्रॅचचं ॲप एकदा डाउनलोड करून ठेवलं की इंटरनेट लागत नाही, आमच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. फक्त लॅपटॉपवर विंडोज १० तरी हवं.

नुसता बोर्ड हातात दिला तर मुलं संत्र्याचा पियानो करतात. ते झालं की दुसऱ्या दिवशी कंटाळतात. म्हणून मी एक पद्धत उचलली. २००५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी 'एक्सपेरिमेंटल गेमप्ले प्रोजेक्ट' नावाचा उपक्रम केला होता. नियम असे: प्रत्येक खेळ सात दिवसांच्या आत पूर्ण व्हायला हवा, एकट्याने करायचा आणि ठरवलेल्या एकाच विषयावर करायचा, उदाहरणार्थ गुरुत्वाकर्षण. त्यात काइल गॅब्लरने केलेला 'टॉवर ऑफ गू' पुढे वाढून २००८ मध्ये 'वर्ल्ड ऑफ गू' झाला आणि जगभर खेळला गेला. आमच्याकडे लॅपटॉप मोजके, त्यामुळे एकट्याने करण्याचा नियम सोडला आणि गट केले. एक आठवडा आणि एक विषय हे दोन नियम मात्र तसेच ठेवले. विषय दिला पाणी.

विषय देताना मी त्यांना 'दारफुर इज डाइंग' या खेळाची गोष्ट सांगितली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा हा खेळ २००६ मध्ये आला. सुदानमधल्या निर्वासितांच्या छावणीतून पाणी आणायला घरातल्या कोणाला पाठवायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं, आणि वाटेत बंदूकधारी टोळ्यांपासून लपत जायचं. मी विचारलं, तुम्ही कोणाला पाठवाल? सातवीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "मोठ्या पोरीलेच पाठवतीन, मॅडम." या एका वाक्यानंतर मला विषय समजावून सांगावा लागला नाही.

याच मुलीच्या गटाने केलेला खेळ मला सगळ्यात आवडला. खेळाचं नाव 'मोटर'. आमच्याकडे शेतीची वीज पाळीने मिळते आणि रात्रीची पाळी आली की माणसं बॅटरी घेऊन ओलिताला निघतात. खेळात पडदा पूर्ण काळा असतो, त्यावर बॅटरीच्या उजेडाचा एक पिवळा गोल, बाकी काही नाही. जमिनीवर दोन घमेली ठेवलेली, दोन्हीत शेतातली काळी माती चिखल करून भरलेली. एका घमेल्यातून वायर डाव्या बाणाला, दुसऱ्यातून उजव्याला. अर्थची क्लिप खेळणाऱ्याच्या हातातल्या कड्याला लावलेली. अनवाणी उभं राहायचं आणि डावा पाय, उजवा पाय असं चिखलात चालायचं. प्रत्येक पावलाला उजेडाचा गोल थोडा पुढे सरकतो. लाइन जायच्या आत विहिरीवर पोचून स्टार्टर दाबायचा. घाईघाईने पाय टाकले तर उजेडाच्या कडेला साप येतो आणि खेळ पुन्हा बांधावरून सुरू होतो. म्हणजे लाइन जायची भीती पळायला लावते आणि सापाची भीती पळू देत नाही. सातवीच्या मुलींनी हा पेच कुठल्याही पुस्तकात न वाचता खेळात बसवला आहे. स्टार्टरचा 'खट्ट' आवाज आणि मोटरची घरघर त्यांनी आपल्याच विहिरीवर जाऊन मोबाईलवर रेकॉर्ड करून आणली.

यातली एक गोष्ट बारकाईने सांगण्यासारखी आहे. चिखल कडेने सुकायला लागला की तिथे पडलेलं पाऊल बोर्डाला कळत नाही. पहिल्यांदा मुलं वैतागली: "काहून चालून नाई राह्यलं जी हे?" मग त्यांनी पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पाहिलं, तर चिखल बराच वेळ चालला. काळी माती पाणी धरून ठेवते आणि मीठ विरघळलं की वीज जास्त चांगली वाहते. द्रावणाच्या वाहकतेचा हा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले आहे. तो इतक्या लवकर, इतक्या मुलांना एकदम समजलेला मी पहिल्यांदा पाहिला. आणि खेळात मीठ टाकायचं की नाही, यावर त्या मुलींनी ठरवलं की टाकायचं नाही. "खरंच तसंच होते मॅडम, चिखलात पाय फसतेच." खेळ घडवणाऱ्याने घ्यायचा निर्णय तो हाच.

दुसऱ्या गटाचा खेळ नाल्याच्या पुराचा. दोघांनी मिळून खेळायचा. एकाने अर्थ धरायचा, दुसऱ्याने स्पेसची वायर, आणि दोघांनी एकमेकांचा हात धरला की सर्किट पूर्ण होऊन पडद्यावरची दोन माणसं एक पाऊल पुढे जातात. लाट आली की हात सोडायचा, नाहीतर दोघंही वाहून जातात. कल्पना फार चांगली. पण सातवीतले मुलगा-मुलगी शाळेत एकमेकांचा हात धरायला तयार नव्हते, आणि मीही आग्रह धरला नाही. मुलांनीच सुतळी पाण्यात भिजवली आणि दोघांनी तिचं एकेक टोक धरलं. खेळ चालला, आणि नाला ओलांडताना माणसं खरोखर दोर धरतात, त्यामुळे तो जास्त पटलाही.

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांनी लाकडी नंदी मिरवायच्या सणाचा, खेळ विषयात बसत नव्हता, पण सहावीच्या मुलांना तोच करायचा होता. लाकडी नंदीच्या चाकांना स्वयंपाकघरातला फॉइल गुंडाळला, जमिनीवर फॉइलच्या पट्ट्या चिकटवल्या आणि नंदी ओढत नेला की पडद्यावर तोरण तुटतं, बोजारा (नंदी नेणाऱ्या मुलांना मिळणारी ओवाळणी) जमा होतो. पालकांनी सगळ्यात जास्त गर्दी याच खेळापाशी केली. तरी खेळ म्हणून तो मला कच्चा वाटला. एकदा नंदी नेला की दुसऱ्यांदा न्यायला काही कारण उरत नाही, हरण्याची शक्यताच नाही. मी हे त्या मुलांना सांगितलं आणि ती आता त्यात बैल बुजण्याची भर घालत आहेत.

जगात अशा खेळांना मान आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये २०१४ पासून नेहमीच्या रिमोटऐवजी भलत्याच वस्तूंनी खेळायच्या खेळांचं दालन लागतं आणि तिथे विद्यार्थ्यांचेही खेळ असतात. आमचं 'मोटर' तिथे मांडलं तर ते उठून दिसेल, याबद्दल मला शंका नाही. मोबाईलवर आमची पोरं दिवसभर बंदुकीचे खेळ खेळतात. त्या खेळांत त्यांच्या घरातलं, शेतातलं काहीच नसतं. इथे हाताखाली आपलीच माती असल्यामुळे डोक्यात गोष्टही आपलीच आली, आणि बोर्डाची खरी किंमत मी त्यात मोजते.

आता अडचणी. अर्थची वायर सतत अंगाला लागते, म्हणजे मूल बोर्डाला बांधलेलं राहतं. पळापळीचा खेळ करायचा असेल तर फरशीवर फॉइल अंथरून अर्थ पायाखाली घ्यावा लागतो. हिवाळ्यात काही मुलांची कातडी इतकी कोरडी पडते की बोट लावूनही काही होत नाही, हात ओले करावे लागतात. संत्र्याच्या रसाने क्लिपचे दात गंजतात आणि मुंग्या येतात, त्यामुळे रोज क्लिप पुसून ठेवायला एक मूल नेमा. पुढच्या सहा जागांपेक्षा जास्त बटणं हवी असतील तर बोर्ड उलटा करून मागच्या बारा जागांत पिनच्या वायरी खोचाव्या लागतात, त्या लहान हातांकडून सारख्या निघतात.

किमतीचं सांगायचं तर मूळ बोर्ड साधारण ५० डॉलरचा, म्हणजे आपल्याकडे चार हजारांच्या वर. त्यासोबत यूएसबी केबल, सात क्रोकोडाइल क्लिप आणि सहा पिनच्या वायरी येतात. आम्ही शाळा व्यवस्थापन समितीकडून एक मूळ बोर्ड घेतला आणि नंतर शिक्षकांनी वर्गणी काढून ऑनलाइन एक स्वस्तातली नक्कलही मागवली, हजाराच्या आसपास. नकलेचं काम तसंच चालतं, पण त्या विक्रेत्याने पाठवलेल्या वायरी आखूड होत्या आणि डाव्या बाणाचं सोल्डर सुटलेलं होतं. तक्रारीला उत्तर आलं नाही. बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या दादांनी ते चिकटवून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. पैसे कमी असतील तर नक्कल घ्या, पण आल्या दिवशी सहाही बटणं तपासा आणि क्लिपच्या लांब वायरींचा एक जुडगा वेगळा घ्या. अर्थसाठी किमान दोन वायरी राखून ठेवा, सगळ्यात आधी तीच तुटते.

आसपासच्या शाळांतल्या ज्या शिक्षकांना 'मोटर'ची स्क्रॅच फाईल हवी असेल त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन शाळेत यावं, मुलींनी ती द्यायला होकार दिला आहे. माती तुमच्या गावची वापरा, मात्र काळीच घ्या. मुरमाड मातीत पाणी टिकत नाही आणि मग अर्ध्या खेळातच पावलं कळेनाशी होतात.